खिडकीची नळी

मिरज स्टेशनवरनं तुकोजी नलवड्याच्या टांग्यातून
एक लालबुंद म्हातारा आला,
मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी,
मेलेल्या बकरीसारखं, पाय वर केलेलं.
सोबत मिशन हॉस्पिटलचा शांतवन कंपाउंडर, दुभाषा म्हणून.
हे अब्बांनी सांगितलेलं. अब्बा तेव्हा सात वर्षांचे,
भोपळ्यांना पॉलिश घासायला बसवलेले.

साहेब मुतखड्याच्या ऑपरेशनला आला होता
आणि मिरजेच्या एप्रिलनं त्याच्या मशकवाद्याची
एक नळी उभी चिरली होती.
आज्जानं ती नखानं वाजवली, कानाशी नेली.
म्हणाला, शिसवीचा जोड देतो, वर सांबरशिंगाचं कडं.
आठ दिवस लागतील.

आठही दिवस साहेब पाटावर येऊन बसला,
गुडघे हनुवटीपाशी.
तो बोलायचा, शांतवन सांगायचा.
त्यातलं साहेबाचं किती, शांतवनचं किती,
आता कोण निवडणार.

की तो राजा नव्हे, पण तसाच काहीतरी:
एका कुळाचा मुख्य.
डोंगर, सरोवर, काळ्या दगडाची गढी,
गढीला अठ्ठावीस खोल्या, त्यातल्या न गळणाऱ्या चार.
की तो तिसरा. मुख्यपण त्याच्या वाट्याचं नव्हतंच.
थोरला फ्रान्सच्या चिखलात गेला,
मधला त्याच चिखलात, नऊ दिवसांनी.
बापानं दुसरी तार फोडलीच नाही.
की टोपीत जुनिपरची डहाळी खोवायची,
ती त्यांच्या कुळाची खूण.

"म्हंजे देवक!" तुकोजी दारातनंच ओरडला. "आमचं कळंब."
शांतवनला देवक इंग्रजीत सापडेना.
साहेबाला मात्र कळलं असावं;
त्यानं तुकोजीचा हात हातात घेतला,
तंबाखूसकट.

आज्जा म्हणाला, आम्हीबी तलवारीवालेच.
पणजा धार लावायचा. लढाया आटल्या,
मग तारा लावायला लागलो.

साहेब बराच वेळ गप्प.
मग जे बोलला ते शांतवननं हळू सांगितलं:
माझ्या पणज्यानं तलवारी ठेवल्या, माणसं काढली.
चारशे चुली. जहाजं भरून समुद्रापार,
आणि त्या रानात मेंढ्या सोडल्या.
लोकर खंडापेक्षा जास्त देते.
मी ज्या कुळाचा मुख्य, ते कुळ तिथं नाही.
गढीतून हाक मारली तर
मेंढ्या मान वर करतात.

मग ती पिशवी थोपटत:
हीसुद्धा मेंढीच.
हिच्यात आम्ही फुंकतो
आणि बाहेर माणसं रडतात.

आज्जाची कानस थांबली.

नवव्या दिवशी साहेबानं गल्लीत वाजवलं.
कुंभाराच्या म्हशीनं दावं तोडलं,
पोरं पळाली, परत आली.
सूर काळी पाचला टेकून, किंचित वर,
आणि दुकानात भिंतीवरचे तंबोरे
कुणी हात न लावता गुणगुणायला लागले.
आज्जानं पैसे घेतले. पाच रुपये, पुरते.

निघताना साहेबानं एक नळी उपसून पाटावर ठेवली.
चिरलेली नव्हे, चांगली.
का, ते विचारायचं राहिलं,
शांतवनची ड्यूटी सुरू होत होती.

चार वर्षांनी वकिलाचं पत्र:
साहेब वारला, मूलबाळ नाही.
मुख्यपण कॅनडातल्या एका लांबच्या भाऊबंदाकडे गेलंय,
जहाजातून गेलेल्यांपैकी.
लाकडाच्या वखारीत कारकून आहे, गढी पाहिलेली नाही.
वस्तूंच्या यादीत एक नळी कमी भरते,
आपल्याकडे आहे काय?
आज्जानं शांतवनकडून लिहवून घेतलं:
आहे. कुळातल्या कुणीतरी येऊन न्यावी.

तिकीट मी कापून घेतलं, फार पुढं. पत्र वाळवीनं खाल्लं.

आता दुकानात इलेक्ट्रिक तंबोरे येतात दुरुस्तीला,
सोल्डरिंगचा वास, भोपळे कमीच.
नळी खिडकीच्या फळीला टेकू म्हणून लावलीय.
उन्हाळ्यात चारच्या सुमाराला वारं सुटतं
आणि ती बोलते.
गिऱ्हाईक विचारतं, आत कोण आहे?
कुणी नाही, मी म्हणतो, खिडकी.
काळी पाचच्या जरा खाली उतरलीय हल्ली.
लाकूडच ते, म्हातारं होणार.